आईचं उळं

आईचा फोटो मोठा करून, चौकट बसवून आणला, त्या दिवशी वडिलांनी तो स्वतःच्या हातांनी भिंतीवर टांगला. पाठोपाठ काकांनी पिशवीतून चंदनाचा हार काढला, तर वडील म्हणाले, "तो राहू द्या. दुकानदाराला परत देऊन टाका."

सगळ्यांना वाटलं, दुःखाच्या भरात बोलताहेत. काकांनी समजावलं, आत्याने समजावलं. वडील ऐकेनात.

"तिचं उळं अजून जितं हाय," ते म्हणाले. "जित्या माणसाच्या फोटोला कोण हार घालतं का?"

मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कारण ते उळं नाशिकला होतं, आणि नाशिकला मी होते.

उळं म्हणजे कांद्याचं बी. आमच्या कळवणकडे ते आधी वाफ्यात टाकतात आणि रोप वीतभर झालं की उपटून शेतात लावतात. आईच्या बाबतीत हा शब्द आईनेच आणला. तिच्या यकृतात गाठ निघाली होती आणि नाशिकच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. गाठीबरोबर आजूबाजूचा थोडा चांगला भागही काढावा लागतो, म्हणाल्या, तपासणी होऊन उरलेला तुकडा संशोधनाला दिला तर चालेल का? नाव कुठेही जाणार नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. घरात रसायनं शिकलेली मी एकटी, त्यामुळे डोकेदुखीच्या औषधापासून कांद्यावरच्या फवाऱ्यापर्यंत सगळ्याचा जाब मलाच विचारतात.

"तुकड्याचं काय करत्यात?" तिने विचारलं.

मी सांगितलं, त्यातल्या जिवंत पेशी काढून पोसतात. त्यांचे बारीक गोळे होतात, मोहरीपेक्षाही लहान. यकृत जे काम करतं त्यातलं थोडंफार ते गोळेही करतात. मग नवं औषध माणसाला देण्याआधी या गोळ्यांना देऊन बघतात.

"म्हंजी उळं टाकत्यात," आई म्हणाली. "टाका म्हणावं. नाय तरी फेकूनच देणार ना?"

आणि तिने लगेच वडिलांना फोन लावला. "अहो, ऐकलं का, माझं उळं टाकणार हायेत नाशकाला." ती पोट धरून हसली. पलीकडे वडीलही हसले असावेत. उपमा इतकी चपखल होती की ती दुरुस्त करायचं मला सुचलंही नाही.

ऑपरेशन झालं, पण आईने पुन्हा उभारी धरली नाही. उरलेल्या यकृताला भार पेलवला नाही, असं डॉक्टर म्हणाले. महिना उलटायच्या आत ती गेली. तिची पिशवी दवाखान्यातून माझ्या फ्लॅटवर आली.

"काय काय होतं पिशवीत?" वडिलांनी दहाव्यानंतर विचारलं.

"पातळं, चष्मा, कंगवा."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

मिश्रीची डबी होती, ते मी बोलले नाही. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आई ती सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची, डॉक्टरांनी कितीही कान उपटले तरी लावायची. पितळेची चपटी डबी, झाकणावर पोचा पडलेला. एकदा भाच्याच्या लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाची जीप तिने गावाबाहेरून मागे वळवली होती, कारण डबी कोनाड्यात राहिली होती. अख्खी जीप तिच्या नावाने खडे फोडत होती आणि ही पदर सावरत, ढिम्म चेहऱ्याने डबी घेऊन आली. ती डबी मला हवी होती. पण चांगल्या शिकल्यासवरल्या, केस पिकलेल्या बाईने तंबाखूची डबी मागून घ्यायची म्हणजे लाजच की. म्हणून न मागताच ठेवून घेतली. सकाळी खिडकीशी उभी राहून मी ती उघडायचे, वास घ्यायचे, आणि कधी कधी चिमूटभर दातालाही लावायचे. पहिल्यांदा इतकं गरगरलं की ओट्याला धरून उभी राहिले.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचा गोंधळ कळायचा नाही.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. दोन बाजूंना नटबोल्टचे कारखाने आणि मधे आम्ही. शेजारचा प्रेस सुरू झाला की आमच्या चहाच्या कपात लाटा उठतात. कित्येक वर्षं आमच्याकडे टॅब्लेट आणि सिरपं तपासायला यायची. लेबलवर लिहिलंय तेवढं औषध आत आहे की नाही, नको असलेलं काही शिरलंय का, एवढाच प्रश्न असायचा आणि त्याला एकच उत्तर असायचं. मला असं काम आवडतं. मग आमच्या वरिष्ठांनी यकृताच्या त्या बारीक, पोसलेल्या गोळ्यांचं काम घेतलं आणि माझ्या सुखी संसारात पेशी आल्या.

गोळे वाढवणारी सहकारी वेगळी. ती मूळची सुरगाण्याची, डोंगरातली; तिच्या घरचे अजून भात आणि नागली करतात. मी मनात तिला सुरगाण्याचीच म्हणते. स्वभावाने फटकळ. शहरातल्या दवाखान्यांतून तुकडे येतात, त्यांना ती वेगवेगळ्या रंगांच्या चिकट्या लावते, गरम पेटीत ठेवते, दर थोड्या दिवसांनी पोसायचं पाणी बदलते आणि त्यांच्याशी कधी एक शब्द बोलत नाही. मी पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा नुसते पारदर्शक बुडबुडे दिसले. "हे यकृत?" मी विचारलं. "पूर्ण नाही," ती म्हणाली, "पण यकृत नाही असंही नाही." तेव्हापासून माझं डोकं जे चक्रावलं ते अजून जागेवर आलेलं नाही.

माझं काम पोसण्याचं नव्हे, मोजण्याचं. प्लेट माझ्याकडे येते. तिच्यात लहान लहान खळगे असतात, काहींत गोळे, काही मुद्दाम रिकामे, नुसतं पाणी भरलेले. सकाळी मी प्रत्येक खळग्यात औषधाचा थेंब घालते आणि काही तास ठेवते. त्यानंतर पाणी काढून बाजूला ठेवायचं आणि गोळ्यांवर बर्फगार मिथेनॉल ओतायचं. मिथेनॉल पडलं की गोळे थांबतात. आमच्यात हाच शब्द वापरतात, थांबतात. आत जे जे चाललं होतं ते त्या क्षणाला जसंच्या तसं हाती लागतं. मग कुटायचं, गाळायचं आणि यंत्रात सोडायचं. यंत्राच्या पहिल्या भागात बोटाएवढी नळी असते. तिच्यातून तो रस ढकलला की त्यातले पदार्थ एकत्र बाहेर पडत नाहीत. जत्रेतून माणसं पांगावीत तसे कोणी लवकर, कोणी रेंगाळत, आपापल्या वेळेला निघतात. पुढच्या भागात प्रत्येकाचं वजन होतं. पडद्यावर टेकड्यांसारखे उंचवटे उठतात. कोणता उंचवटा कोणाचा हे ओळखायचा मला पगार मिळतो.

आईच्या आधी मिथेनॉल ओतताना माझा हात कधी आखडला नव्हता.

आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी माझ्याकडे तीन माणसांचे गोळे आले, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या चिकटीचे. आईच्या दवाखान्यातून त्या सुमारास आमच्याकडे तुकडे येत होते, एवढं मला माहीत होतं. त्यात आईचा होता का? तो पुण्याला गेला असेल, बंगळुरूला गेला असेल, वाढलाच नसेल. कोणाचा तुकडा कोणता हे फक्त दवाखान्याला ठाऊक असतं आणि ते कुणालाही सांगत नाहीत. नियम योग्य आहे. दुसऱ्या कुणाची मुलगी विचारायला आली असती तर मीच तिला हा नियम मोठ्या तोऱ्यात ऐकवला असता.

आमच्याकडे तिथले तुकडे येतात हे मी एकदा वडिलांसमोर बोलून बसले, आणि त्यांना हा नियम पटेना. त्यांचा फोन दर रविवारी यायचा.

"कसं हाय?"

"मी बरी आहे, बाबा."

"तू नाय गं. उळं."

"बाबा, ते आईचंच आहे असं कोण म्हणालं? त्यावर नाव नसतं."

"मंग तू शोध की. कोणत्यात काय हाय, हेच काम करतीस ना तू?"

माझ्या नोकरीचं इतकं थोडक्यात वर्णन अजून कुणी केलं नव्हतं. मी त्यांना सांगू पाहिलं की मी पदार्थ ओळखते, माणसं नाही. सांगता सांगता मलाच कळेनासं झालं की दोन्हींतला फरक नक्की कुठे सुरू होतो. समजा पिवळ्या चिकटीतले गोळे आईच्या तुकड्यातून वाढले असतील, तर ते आईचे आहेत की आई आहेत? आईचे असतील तर आई नसताना ते कोणाचे? आणि मी त्यांच्यावर मिथेनॉल ओतते तेव्हा मी मोजते की मारते? सुरगाण्याचीला विचारलं तर ती म्हणाली, "तू आधी जेवून घे."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे काका पुन्हा हाराचं काढू लागले. गावात लोक विचारतात, म्हणाले, फोटोला हार नाही म्हणजे कसं दिसतं. वडिलांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ताई नाय म्हणाली तर घालू हार. हाय म्हणाली तर नाय घालणार." म्हणजे आई आहे की नाही हे आता मी ठरवायचं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. असा प्रश्न पोरीच्या गळ्यात बांधतं का कुणी? आणि तरी मी शोधत होते. काय शोधते आहे हे माहीत नसताना प्रत्येक आलेखावर आधीपेक्षा जास्त वेळ रेंगाळत होते.

एका दुपारी पिवळ्याच्या आलेखात, जिथे एरवी सपाट माळ असतो तिथे, दोन उंचवटे दिसले. एक नेमका कशाचा ते वजनावरून लगेच कळलं, पण डोक्याने ते मान्य करायला वेळ घेतला. निकोटीन. दुसरा कोटिनीन, म्हणजे माणसाने तंबाखू घेतली की यकृत तिचं जे बनवतं ते. पूर्वी आम्ही तंबाखू सोडवणाऱ्या च्युइंगमचं काम करायचो, त्यामुळे दोन्हींच्या शुद्ध नमुन्यांच्या बाटल्या कपाटात होत्याच. त्या यंत्रात सोडून पाहिल्या. तीच वेळ, तेच वजन.

मला सगळं कळत होतं. ज्या पेशी आठवडेच्या आठवडे धुतल्या, ज्यांचं पाणी पुन्हा पुन्हा बदललं, त्यांत आईच्या मिश्रीचा कण उरणं शक्यच नाही. एखाद्या शिकाऊ मुलीने असा तर्क मांडला असता तर मी तिची चंपी केली असती. पण डोकं एक सांगत होतं आणि बोटांनी केव्हाच वडिलांचा नंबर लावला होता.

"बाबा, एकात तंबाखू दिसतेय."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"तंबाखू नसंल. मिश्री असंल."

"अजून नक्की नाही, बाबा. मला पुन्हा बघू द्या."

"बघ तू. मी उद्या पहिल्या गाडीने येतो."

फोन ठेवला आणि मागे वळले तर सुरगाण्याची दारात उभी. तिने आलेख पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"रिकाम्या खळग्यात बघितलंस?"

नव्हतं बघितलं. कामावर आलेल्या नवख्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, आधी रिकामं बघा, जे रिकाम्यात आहे ते तुमचं नाही. आणि स्वतः मात्र आनंदाच्या भरात थेट भरलेल्या खळग्यावर झेप घेतली. आता पाहिलं. ज्या खळग्यात गोळे नव्हते, नुसतं पाणी आणि औषधाचा थेंब होता, त्यातही निकोटीन होतं. पुरेपूर. हिरव्यात आणि निळ्यात नव्हतं, पण त्यांची मोजणी आदल्या आठवड्यात, औषधाच्या दुसऱ्या बाटलीतून झाली होती. आजची बाटली तपासली, तर निकोटीन बाटलीतच.

"कुणाच्या तरी हाताचं आहे," ती म्हणाली. "इथे तंबाखू कोण खातं?"

मी ताबडतोब एसी दुरुस्तीवाल्यावर संशय घेतला. त्याच्या खिशात कायम पुडी असते आणि तो कशालाही हात लावतो. मी तावातावाने त्याच्याविरुद्ध बोलत सुटले, स्वच्छता म्हणजे काय ते या लोकांना कधी कळणार वगैरे. बोलता बोलता हातमोजे काढले. डाव्या तर्जनीच्या नखाखाली एक काळी रेघ होती.

त्या सकाळी जरा जास्तच लावली होती मिश्री. बाटल्यांची झाकणं हातमोजे घालायच्या आधी उघडून ठेवायची माझी टॅब्लेटच्या दिवसांतली सवय, तीही जाता जात नाही. हे यंत्र इतकं तिखट आहे की बोटाला लागलेलं, धुऊनही न गेलेलं तेवढंसुद्धा त्याला डोंगराएवढं दिसतं.

सुरगाण्याचीने माझं बोट पाहिलं. तिला वास ओळखायला वेळ लागला नाही. तिच्या घरी आजी लावायची. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही.

"निकोटीन तुझं," ती म्हणाली. "कोटिनीन तुझं नाही. रिकाम्यात ते नाहीये. ते गोळ्यांनी केलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी तुझ्या बोटावरून मिश्री आत गेली आणि दुपारपर्यंत त्यांनी ती पचवायला घेतली. यकृत करतं तेच."

मी खाली बसले. मी आईला शोधत होते आणि सापडलं काय, तर माझंच बोट. आणि तरीही त्या बुडबुड्यांनी माझ्या बोटावरची आईची मिश्री घेऊन तिचं तेच केलं होतं, जे आईच्या यकृताने उभा जन्म केलं. हसावं की रडावं कळेना. "हे कोणाचंही यकृत करेल ना?" मी विचारलं. "कोणाचंही," ती म्हणाली, "कमीजास्त." मग माझ्यासाठी चहा आणायला गेली. सगळी मोजणी रद्द करून पुन्हा करावी लागणार होती. पिवळ्याची एक प्लेट शिल्लक होती, ती तिने परवा सकाळसाठी तयार ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत वडील अंबडला हजर झाले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, लग्नाला आल्यासारखे. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत आत सोडत नाहीत, म्हणून त्यांना पुढच्या खोलीत बसवलं. सुरगाण्याची लॅपटॉप घेऊन आली आणि गोळ्यांची चित्रं दाखवू लागली. वडील खुर्चीच्या टोकावर बसून, डोळे बारीक करून बघत होते. त्यांना बुडबुडे पाहून निराशा वाटेल अशी माझी समजूत होती. पण त्यांनी आयुष्यभर वाफ्यात उगवण पाहिलेली.

"चांगलं उतरलंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "यातलं कोणतं?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी पिशवीत हात घालून कागदाची एक पुडी काढली, दोऱ्याने नीट बांधलेली.

"मिश्री हाय. काल तुझा फोन आला, मंग बाजारातून तंबाखू आणली आन् भाजली. मला काय जमतंय, जरा करपली. घरभर धूर झाला." ते ओशाळून हसले. "तिला द्यायला चालंल का?"

सुरगाण्याची लॅपटॉप मिटून उठली आणि आत गेली. वडिलांनी जन्मात कधी तवा चुलीवर ठेवला नव्हता. त्यांच्या अंगठ्याला भाजल्याचा डाग होता.

"बाबा," मी म्हटलं, "माझी चूक झाली. ती मिश्री त्या गोळ्यांतली नव्हती. ती माझ्या बोटाची होती. यातलं आईचं कोणतं, एकतरी आईचं आहे का, मला माहीत नाही. कधीच कळणार नाही."

मला वाटलं, आता उळ्याबद्दल काही विचारतील.

"तुझ्या बोटाची? तू मिश्री लावतीस?"

"कधी कधी. आई गेल्यापासून."

"कुठून आणतीस?"

आता लपवून काय उपयोग होता? मी पर्स उघडली आणि डबी काढून त्यांच्यापुढे टेबलावर ठेवली. पोचा पडलेलं झाकण. वडिलांनी तिला लगेच हात लावला नाही.

"ही हितं होती?"

"पिशवीत होती, बाबा. मी ठेवून घेतली. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं."

"मी वर्षभर शोधतोय," ते हळू आवाजात म्हणाले. "कोनाड्यात बघितली, माळ्यावर बघितली, कांद्याच्या चाळीत बघितली. घरात नाय, तुझ्याकडं नाय. मंग म्हटलं, डबी घेऊन गेली ती. आन् डबी घेऊन गेली, म्हंजी कुठंतरी हाय. लावत असंल बसून." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "डबीशिवाय ती कुठं जायची का? तूच सांग."

त्यांनी डबी उचलली, उघडली, आत पाहिलं. तळाला थोडीशीच उरली होती. झाकण लावून त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

"डबी हितंच हाय," ते म्हणाले. "मंग गेलीच ती."

वर्षभरात त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा आलं. ते रडले नाहीत. मी रडले, पुढच्या खोलीत, कुरिअरवाल्यासमोर, हुंदके देऊन. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कुरिअरवाल्याला म्हणाले, "काय नाय, तिची आई वारली."

मी अर्धी रजा टाकून त्यांना स्टँडवर सोडायला गेले. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि समोरच्या दुकानातून चंदनाचा हार घेतला. चार-पाच हार हातात घेऊन, उजेडात धरून, मणी नीट ओवलेत का ते बघून घेतला. काकांनी आणलेला याहून चांगला होता. करपलेल्या मिश्रीची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. "तुला ऱ्हाऊ दे," म्हणाले, "पण जास्त लावू नको. तिलाबी मी हेच सांगायचो."

कळवणची गाडी लागली. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. हाराची पिशवी त्यांनी मांडीवर ठेवली होती आणि एक हात सदऱ्याच्या खिशावर. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीतून वाकले.

"ते उळं," ते ओरडले. "त्याला वेळच्या वेळी खायला घाल. आपलं नसंल तर नसंल. कुणाचं तरी असंलच की ते."

पिवळ्याची शेवटची प्लेट दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येणार होती, आणि दुपारी तिच्यावर मिथेनॉल ओतायचं होतं.

"हो, बाबा," मी म्हटलं. "घालते."